वाघ, बैल, कासव आणि शेकरू: घरातल्या वस्तूंतून लहान मुलांकडून काय करून घेता येतं

ताई, प्रश्न वाचला. मुलगा साडेतीनचा, मुलगी सहाची, पावसामुळे खाली सोडता येत नाही, क्राफ्टचं किट आणलं तर कापणं-चिकटवणं सगळं तुम्हालाच करावं लागलं आणि पोरं मधूनच उठून टीव्हीपुढे जाऊन बसली. आता घरातल्याच वस्तूंतून होणारे सोप्पे प्राणी सांगा आणि दोघांना एकत्र बसवता येईल असं काहीतरी सांगा, असं तुमचं म्हणणं. मी बालवाडीत शिकवते, आमच्याकडे किटबिट कधी आलंच नाही, आले ते पालकांच्या घरचे रिकामे खोके, लग्नपत्रिका आणि जुनी कॅलेंडरं, त्यामुळे या विषयावर माझं तोंड लवकर बंद होत नाही, लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी "सोपा प्राणी कुठला" हे डोक्यातून काढा. ससा सोपा आणि हत्ती अवघड असं काही नसतं. पोराचा हात आज काय काय करतो ते बघायचं आणि त्या कामातून जो प्राणी निघेल तो करायचा. साडेतीनच्या मुलाला फाडता येतं, चुरगळता येतं, थापता येतं, दाबता येतं, टोचता येतं, ठसा उठवता येतो. कात्रीने तो एकदा कच्चकन कापेल पण रेघेवरून कात्री वळवत न्यायला त्याला अजून अवकाश आहे, त्यामुळे गोल कापायला दिलंत की तो चिडणार, मग तुम्ही "आण इकडे" म्हणून कात्री घेणार आणि पुढचं सगळं तुमच्याच गळ्यात. किटचं तेच झालं असणार, कारण किटवर "३ वर्षांपुढे" लिहिलेलं असलं तरी आतली कामं बहुतेक सहा-सात वर्षांच्या हाताची असतात. मुलीचं वेगळं, तिला वळणदार कापता येत असेल, घडी घालता येत असेल, आणि मुख्य म्हणजे आधी हे करायचं मग ते करायचं हा क्रम तिच्या लक्षात राहतो. म्हणजे एकच प्राणी घ्या आणि त्यातली कामं वाटून द्या, दोघांना वेगवेगळं काही देत बसू नका, नाहीतर "तिला तसं दिलं मला का नाही" सुरू होतं.

आमच्याकडे सगळ्यात हिट आहे तो हळदीचा वाघ, तुम्ही पण त्याच्यापासूनच सुरू करा. पाव वाटी पाण्यात दीड-दोन चमचे हळद कालवायची. एका बाजूने छापलेला रद्दीतला कागद असतो ना जरा जाडसर, त्याच्या कोऱ्या बाजूवर धाकट्याला कापसाच्या बोळ्याने हे पाणी फासू द्या, कुठेही कसंही, कागद पिवळा झाला की झालं. पंख्याखाली पूर्ण वाळू द्या, ही पायरी घाईत उरकू नका, ओल्यावर केलं की पुढचे पट्टे पसरतात. आता दुसऱ्या वाटीत चमचाभर खायचा सोडा तीन-चार चमचे पाण्यात विरघळवा, उदबत्तीच्या काडीला कापूस गुंडाळून ती त्यात बुडवा आणि पिवळ्या कागदावर रेघा ओढायला सांगा. पाणी दिसायला साधं पांढरं, पण कागदाला लागलं की रेघ लालसर तपकिरी उमटते, आणि साडेतीनचं मूल त्या क्षणी जे तोंड करतं ते बघण्यासारखं असतं. सोडा फिका वाटला तर अंघोळीच्या साबणाचं दाट पाणी करून बघा. हे काय होतं ते तुम्हाला माहितीच आहे, कपड्यावरच्या हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, तेच हे. हळदीत जो पिवळा रंग असतो, कर्क्युमिन, तो अल्कलीत लाल होतो, पारंपरिक कुंकूसुद्धा हळदीला चुना लावूनच करतात. मुलीला नंतर लिंबाचे दोन थेंब द्या आणि एका पट्ट्यावर टाकायला सांगा, पट्टा परत पिवळा होतो, मग ती अर्धा तास कुणाला हाक मारणार नाही. फक्त चुना आणि धुण्याचा सोडा यासाठी वापरू नका, डोळ्यात गेलं तर भाजतं, खायचा सोडा पुरतो.

पट्टे वाळले की कागद मधोमध घडी घालून तंबूसारखा उभा करायचा, घडी वर. आता मुलीने खालच्या उघड्या कडेला मधोमध अर्धगोल कापून काढायचा, दोन्ही थर एकदम, की चार पाय तयार आणि वाघ स्वतःच्या पायावर उभा. डोकं वेगळं कापून पुढे चिकटवायचं, शेपूट म्हणून त्याच कागदाची पट्टी. ही घडी आणि अर्धगोलाची युक्ती एवढी कामाची आहे की गाय, कुत्रा, हत्ती, गाढव, चार पायांचं काहीही यातून होतं, एकदा शिकवा, ती पुढे स्वतःच करत बसेल. खाली जुना पेपर अंथरा, पोरांना जुने कपडे घाला, आणि पांढऱ्या सनमायक्यावर सांडलं तर लगेच पुसा. कपड्यावर डाग पडलाच तर धुऊन कडक उन्हात टाका, हळद उन्हाने उडते. म्हणूनच वाघ खिडकीत ठेवला तर काही दिवसांत तोही फिका पडेल, आधी सांगून ठेवा, नाहीतर रडारड.

ज्या दिवशी काहीच सांडायला नको असेल त्या दिवशी कपडे वाळत घालायचे चिमटे. लग्नपत्रिकेचा किंवा चहाच्या पुड्याच्या खोक्याचा पुठ्ठा घ्या, त्यावर बैलाचं, शेळीचं, कशाचंही नुसतं धड आणि डोकं काढून मुलगी कापेल, पाय काढायचेच नाहीत. पाय म्हणजे चिमटे. धाकट्याने दोन चिमटे पुढे दोन मागे लावायचे, ते जरा फाकवून लावले की प्राणी उभा राहतो. पुठ्ठ्याचा नुसता गोल घेऊन त्याच्या अर्ध्या कडेला ओळीने चिमटे लावले की साळिंदर. गोंद नाही, रंग नाही, धाकट्याला कात्रीही नाही, आणि चिमटा उघडताना अंगठा आणि दोन बोटं जे काम करतात तेच पुढे पेन्सिल धरताना लागतं. पालक मला "अक्षर कधी काढायला घेणार" विचारतात तेव्हा मी त्यांना चिमटे दाखवते, अर्धे हसतात, अर्ध्यांना वाटतं ताई टाळतायत. लाकडी चिमटे मिळाले तर बरे, प्लॅस्टिकचे काही फार कडक असतात, आधी स्वतः दाबून बघा. आणि संध्याकाळी कपडे वाळत घालायचे असतील तर बैलाचे पाय परत घ्यायचे, त्याची पण पोरांना मजा वाटते.

लग्नाकार्यातून उरलेले द्रोण-पत्रावळी असतातच कुठेतरी माळ्यावर. द्रोण पालथा घातला की कासवाची पाठ आयती. वर रद्दी पेपरचे तुकडे फाडून चिकटवायचे, फाडायचे हं, कापायचे नाहीत, कारण दोन्ही हातांनी उलट दिशेला ओढून कागद फाडणं हेच या वयाला मोठं काम आहे, आणि फाटक्या कडा कासवाच्या पाठीला शोभतात पण. पाय आणि डोकं पुठ्ठ्याचं, खालून चिकटवायचं. करवंटीचं कासव जास्त छान दिसतं, टिकतं पण खूप, पण करवंटीच्या कडा धारदार असतात, त्या तुम्ही आधी खरखरीत दगडावर किंवा पॉलिश पेपरने घासून द्या, आणि कागद चिकटायला आतबाहेर स्वच्छ कोरडी हवी. कासव झालं की सांगायला गोष्ट पण तयार आहे, रत्नागिरी जिल्ह्यात वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात आणि उन्हाळ्याच्या सुमाराला पिल्लं बाहेर पडून समुद्राकडे चालत जातात, तिथे लोक ती बघायला मुद्दाम जातात. मग घरातली निळी चादर म्हणजे समुद्र, आणि कासवं पलंगाखालून निघणार. हा खेळ कासव करण्यापेक्षा जास्त वेळ चालतो.

पत्रावळीचा सिंह सगळ्यांना माहीत असतो, पण त्यात आयाळ आपण करून देतो तिथे चुकतं. जुन्या कॅलेंडरच्या जाड पानाच्या दोन बोटं रुंद पट्ट्या तुम्ही कापून द्या आणि धाकट्याला बोथट टोकाची कात्री देऊन पट्टीच्या एका कडेला कच्च कच्च काप द्यायला सांगा, आरपार गेलं तरी चालेल, मग ती झालर चेहऱ्याभोवती चिकटवायची. वर्तमानपत्राचा पातळ कागद कात्रीला देऊ नका, तो पात्यात दुमडतो आणि मुलाला वाटतं आपल्यालाच येत नाही. पोरगा डावखुरा असेल तर डावखुऱ्यांची कात्री मिळते ती आणा, साध्या कात्रीने डाव्या हाताला खरंच नीट कापलं जात नाही, तो हट्ट करत नसतो.

आता गोंद. मी विकतचा कमीच वापरते, घरची खळ करते. दोन चमचे मैदा वाटीभर गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा आणि मग मंद आचेवर ढवळत राहायचं, पांढरेपणा जाऊन जरा पारदर्शक, दाटसर झालं की उतरवायचं. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस राहते, वास आला की टाकून द्या. खळीला कीड लागू नये म्हणून पूर्वी त्यात मोरचूद घालायचे, बाइंडिंगवाले वगैरे, एखादे आजोबा तुम्हाला तसा सल्ला देतील, त्यांना हो म्हणा आणि घालू नका, मोरचूद विषारी आहे आणि साडेतीनचं मूल बोटं चाटतंच. खळ ब्रशने नको, बोटानेच लावू द्या. काही मुलांना चिकट बोटं अजिबात सहन होत नाहीत, त्यांना शेजारी ओलं फडकं ठेवा, जबरदस्ती नको.

बैलाबद्दल मात्र जरा सविस्तर सांगते कारण तो आपल्याकडचा प्राणी आहे आणि दरवर्षी सगळीकडे तोच फसतो. कोल्हापूर-सांगलीकडे आषाढात बेंदूर, बाकी बऱ्याच ठिकाणी श्रावण अमावस्येला पोळा, विदर्भात दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, त्यात पोरं लाकडी बैल ओढत घरोघरी जातात. तेव्हा मातीचा बैल घरी करायचाच. शाडू मिळाली तर उत्तम, नाहीतर कणीक: दोन वाट्या मैदा किंवा कणीक, एक वाटी मीठ, चमचाभर तेल, आणि पाणी थोडं थोडं करत साधारण पाऊण वाटी, पुरीच्या पिठासारखं घट्ट. मळायला मुलांनाच द्या. बैलाचं धड वेगळं, पाय वेगळे, डोकं वेगळं करून चिकटवायचं असं सगळे करतात, आणि वाळलं की पाय गळून पडतात, कारण वाळताना प्रत्येक तुकडा आकसतो आणि सांधा सुटतो. त्यापेक्षा एकच लांबट गोळा घ्यायचा आणि त्याच्यातूनच चिमटीने पाय ओढून काढायचे, आखूड आणि जाड, मग एका टोकाला डोकं ओढायचं, पाठीवर चिमटा काढला की वशिंड. शिंगं तेवढी वेगळी, तिथे बोट ओलं करून जागा खरवडायची आणि मग दाबून बसवायची. शिंगांना बेगड, गळ्यात लोकरीचा गोंडा. धाकट्याच्या हातून बैलापेक्षा बटाटाच होईल, होऊ दे, त्याला नव्या केरसुणीचे हीर धुऊन बोटाएवढे तुकडे करून द्या, त्याने ते बटाट्यात खोचले की साळिंदर. हिराची टोकं डोळ्याला लागू शकतात, म्हणून तेवढा वेळ तिथे बसा, उठून गॅसकडे जाऊ नका. कणीक खारट असल्यामुळे पोरं चाखून थुंकतात, त्याने काही होत नाही, पण घरात कुत्रा असेल तर हे वर ठेवा, एवढं मीठ कुत्र्याला खरंच घातक असतं.

नारळ सोलल्यावर निघणारा काथ्या टाकू नका. बोटांनी पिंजून घेतला की शेकरूची शेपूट होते, झुपकेदार, आणि रंग पण तसाच तांबूस. अंगाला खोक्याचा पुठ्ठा, किंवा चुरगळलेल्या पेपरचा गोळा, दोऱ्याने गुंडाळून घट्ट केलेला. शेकरू आपला राज्यप्राणी आहे, भीमाशंकरला गेलात तर झाडावर दिसू शकतो, हे मुलीला सांगा, आणि त्याच्या शेपटीचा उपयोग फांदीवर तोल सांभाळायला होतो हे पण सांगा. असं काहीतरी खरं सांगितलं की पुढचा प्राणी करताना मुलं स्वतः विचारतात, मुंगीला पाय किती? सहा. कोळ्याला? आठ. मी त्यांना लगेच सांगत नाही, बाल्कनीत जाऊन मोजून या म्हणते.

ठशांबद्दल फार सांगत नाही, ते सगळ्यांना येतं. पंजा रंगात बुडवून उलटा उठवला, म्हणजे चार बोटं खाली आणि अंगठा बाजूला, की हत्ती, बोटं पाय आणि अंगठा सोंड. अर्धा कांदा चकत्या मोकळ्या न करता दाबला की गोगलगायीचा शंख. रंगाला गेरू चांगला, बीटचं पाणी पहिल्या दिवशी झकास दिसतं पण नंतर तपकिरी होतं. मोजा एकटा उरला असेल तर हात घालून कुत्रा, त्याला बोलतं करायचं काम तुमचं नाही, मुलाचं.

डोळ्यांसाठी टिकल्या. गुगली डोळ्यांची अजिबात गरज नाही. मोठ्या काळ्या टिकल्या घ्या, पाठीमागचा कागद सोलून टिकली उचलणं हा बोटांचा मस्त व्यायाम आहे. काळी मिरी, मोहरी, वाटाणे, मणी हे डोळे म्हणून फार छान दिसतात आणि धाकट्याच्या हातात मी देत नाही, कारण ते नाकात जातात, आणि डॉक्टरकडे गेल्याशिवाय निघत नाहीत. थर्माकोलचे गोळेही नकोत. रिमोटचे छोटे गोल सेल या सामानाच्या डब्यात कधीच टाकू नका, गिळले गेले तर ते आतून जाळतात, थेट हॉस्पिटल. टाचण्या, स्टेपलर हे मुलीच्याही हातात एकटीला नको.

तुम्ही विचारलं होतं की स्वस्तातलं केलं तर मुलांना कमी शिकायला मिळेल का. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालवाडी चालवली तेव्हा माँटेसरीची महागडी साधनं तिथल्या आदिवासी पाड्यांत कुठून येणार, त्यांनी शंख-शिंपले, बिया, पानं, दगड हेच साधन म्हणून वापरलं. अनुताईंना पुढे पद्मश्री मिळाली. पुण्यातले अरविंद गुप्ता रद्दीतून खेळणी करायला शिकवत आले आहेत, त्यांनाही २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांचे मराठीतले व्हिडिओ फुकट आहेत, मुलीला कागदाच्या घड्यांचा फडफडणारा पक्षी त्यातूनच शिकवा, धाकट्याला घड्या अजून जमणार नाहीत, त्याला पक्षी उडवायला द्या.

बसवताना नमुना करून समोर ठेवू नका. ठेवलात की दोघं तो बघून आपलं पुसत बसतात, मुलगी तर नक्कीच, सहाव्या वर्षी "माझं तुझ्यासारखं नाही झालं" फार लागतं. सामान एका परातीत मांडा आणि पहिला हात त्यांना लावू द्या. वाघाला पाच पाय झाले तर मोजून दाखवायची घाई नको, उद्या तोच म्हणेल "एक जास्त आहे". "हे काय केलंस?" विचारण्यापेक्षा "हा कुठे राहतो, खातो काय?" विचारा, मग उत्तर मिळतं. आणि धाकटा पंधरा मिनिटांत उठला तर त्याला परत ओढू नका, तेवढंच त्याचं बसणं असतं, वाघ तिथेच राहू दे, संध्याकाळी परत येईल, बहुतेक वेळा येतोच.

ठेवायचं कुठे म्हणाल तर कागदाचं सगळं एका साडीच्या खोक्यात, भरलं की पोरांनाच विचारून अर्धं काढायचं. कणकेचे बैल सध्याच्या हवेत नीट वाळणार नाहीत, मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि ते घाम आल्यासारखे ओले होतात, मग मुंग्या, झुरळं. जाडी बोटापेक्षा जास्त ठेवू नका, दोन-तीन दिवस पंख्याखाली फिरवत वाळवा, वरून पारदर्शक नेलपॉलिशचा हात द्या, आणि तरीही वास आला तर फोटो काढून सरळ ओल्या कचऱ्यात टाका, हीर, लोकर आणि बेगड काढून.